मोटारीखालचे पत्रे

"अजून चार बोटं," मी म्हणाले, आणि तुळशीरामनं साखळी ओढली.

वीस हॉर्सची मोटार करकरत वर उठली आणि तुळईखाली अधांतरी डोलायला लागली. खाली नऊ वर्षांची घाण बसली होती. पेंडीचा काळा चिखल, सुतळीचे तुकडे, वाळून चामडं झालेला एक उंदीर. मी पदर खोचला, खुरपं घेतलं आणि गुडघ्यावर बसले. खंडेनवमीचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्यानंतर वीस दिवसांत दिवाळी. औसा आणि भोवतालची पंचवीस खेडी फराळाचं तेल आमच्याकडून न्यायची. त्या वीस दिवसांत गिरणी चालली तर वर्ष चाललं, नाहीतर नाही. माझे मालक वारल्यापासून चौदा वर्षं मीच ती चालवत होते. शिक्षण तिसरी, तेही मास्तर चुलत्याच्या ओळखीचा होता म्हणून. पण वीरभद्र ऑईल मिलची आक्का म्हटलं की लातूरच्या अडतीवरसुद्धा माणसं बाजूला सरून वाट द्यायची.

मोटारीला चार पाय होते आणि प्रत्येक पायाच्या जागी खाली पत्र्याचे तुकडे चिकटलेले होते. नखाइतके पातळ, गंजलेले, तेलकट. कुठं एक, कुठं दोन, एका पायाखाली तीन. मी खुरप्याचं टोक घातलं आणि खरवडून घमेल्यात टाकले.

"आक्का, हे मिस्त्र्यांनी मुद्दाम ठेवलेले दिसतात," तुळशीराम म्हणाला. तो आमचा जुना हमाल. बोलायला भीत नसे, पण दुसऱ्यांदा बोलत नसे.

"गंजलेला कचरा नऊ वर्षं सांभाळला म्हणून त्याचा दागिना होतो का?" मी म्हणाले. दुसरे दोन हमाल हसले. घमेलं उकिरड्यावर गेलं.

खरं सांगायचं तर माझा राग पत्र्यांवर नव्हता. दिगंबर पांचाळ, आमचे मिस्त्री, घटस्थापनेला आपल्या गावी गेले होते. दरवर्षी जायचे, दसरा करून यायचे. जाताना या तिघा हमालांसमोर मला म्हणाले होते, नवमीला मशिनी वरून पुसा, मोटारीचं बूड हलवू नका. सांगण्यात काही वावगं नव्हतं. पण ते मला सांगितलं, माझ्या गिरणीत, माझ्या माणसांपुढं. ते गेल्यावर आठ दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. म्हणून तर मी साखळी आणवली.

बूड आरशासारखं पुसलं, लाल रंगाचे दोन हात दिले, रंग ओला असतानाच मोटार खाली उतरवली आणि बोल्ट असे आवळायला लावले की तुळशीरामच्या कपाळाची शीर फुगली. मग मोटारीलाही रंग, सांधा दिसणार नाही असा. दसऱ्याला झेंडूची माळ, ऊस, कुंकवाची पाच बोटं. बघणाऱ्यानं नवी मोटार आणली असंच म्हटलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. साठीला टेकलेला सडपातळ माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गिरणीत चप्पल घालून कधी शिरले नाहीत. त्यांची एक रीत होती. मशीन चालू झालं की आवाज ऐकायच्या आधी ते तळहात टेकवायचे, आधी मोटारीवर, मग गिअरबॉक्सवर. त्या दिवशी त्यांचा हात मोटारीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

"आक्का, मोटार उचलली होती का कुणी?"

तिघे हमाल माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात हो म्हटलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण त्यांनी बूड हलवू नका म्हटलं होतं आणि मी हलवलं होतं, हे त्या तिघांपुढं कसं कबूल करायचं?

"उचलायला ती काय पाटी आहे?" मी म्हणाले. "पुसली, रंग दिला, कुंकू लावलं. वरून."

"मग ठीक," मिस्त्री म्हणाले आणि कामाला लागले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोटारीचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा समोरासमोर येतात. दोघांच्या टोकाला एकेक जाड लोखंडी थाळी असते. एका थाळीला सहा पिना, प्रत्येक पिनेवर रबराचा बुश, आणि ते सहा बुश दुसऱ्या थाळीच्या सहा भोकांत बसतात. याला कपलिंग म्हणायचं. मोटार फिरली की थाळी फिरते, थाळीबरोबर समोरची थाळी, आणि पुढं घाणा. लोखंड लोखंडाला टेकत नाही, मधे रबर राहतं. दांड्यांची थोडीफार थरथर ते रबर पोटात घेतं. आमचं रबर वर्ष-दीड वर्ष टिकायचं.

तिसऱ्या दिवशी कपलिंगच्या जाळीखाली काळी भुकटी पडलेली दिसली. तव्याखालची काजळी असते तशी. मिस्त्र्यांनी जाळी काढली तर सहाही रबरं एका बाजूनं खाल्लेली. त्यांनी नवीन घातली. ती सहाव्या दिवशी गेली. तोपर्यंत गिऱ्हाइकांची रांग गिरणीच्या दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती, शेंगदाण्याची पोती भिंतीला लागून छताला टेकली होती, आणि मशीन दर दीड तासानं थांबवून हात लावून बघायची पाळी आली होती. मला एका जागी बसवेना. दाराशी जायची, परत यायची, भुकटीकडं बघायची. घरी जेवायला बसले तरी कानात तो आवाज असायचा, दगडी जात्यात खडा अडकल्यासारखा. महानंदानं, माझ्या सुनेनं, एकदा ताटात भाकरी वाढून विचारलं, आत्या, दुसरी घालू का, तर मी तिला म्हणाले, आधी पहिली गिळू दे. लातूरच्या एका टर्नरची लेक ती, लेथच्या शेजारी पाळण्यात वाढलेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिला मी गिरणीत फक्त चहाची किटली घेऊन येऊ देत होते.

मिस्त्र्यांनी पोलादी पट्टी आणली, दोन्ही थाळ्यांवर आडवी ठेवली, खाली वाकून एका डोळ्यानं बघितलं. मग उठून माझ्याकडं आले. हात जोडलेले नव्हते पण आवाज तसा होता.

"पुन्हा विचारतो, राग मानू नका. मोटार हलली असंल तरच हे असं होतं."

मी म्हणाले, "मिस्त्री, माझ्या शब्दावर भरवसा नसंल तर वीरभद्रापुढं हात ठेवून सांगू का?"

त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "नको आक्का. तुमचा शब्द आहे म्हणजे झालं."

आणि तो शब्द खरा मानून त्यांनी गिअरबॉक्स खोलला. मोटार हलली नाही ना, मग गिअरबॉक्सचाच चौथरा खचला असणार. सरळ हिशेब. दोन दिवस गिरणी बंद. नऊ वर्षं ज्याला त्यांनी बोट लावलं नव्हतं तो गिअरबॉक्स उचलला, खाली पाचर मारली, पुन्हा बसवला. दोन दिवस गिऱ्हाइकं पोती घेऊन दुसऱ्या गिरणीच्या दारात गेली. मी दारात उभी राहून त्यांच्या बैलगाड्या बघत होते. माझा मुलगा बसलिंग लातूरला गेला आणि दुसऱ्या दुकानातून रबरं घेऊन आला, कारण मी म्हटलं होतं, मिस्त्री कुठलं तरी हलकं रबर आणत असतील. हे मी मिस्त्र्यांच्या पाठीमागं म्हटलं नाही, तोंडावर म्हटलं.

गिअरबॉक्स खालीवर केल्यानं बिघाड आणखी वाढला. लातूरची रबरं दोन दिवस पुरली. बाराव्या दिवशी दुपारी, मिस्त्री जाळी काढून वाकले होते, रबर पार संपलं, लोखंडावर लोखंड आदळलं आणि एक पिन मोडली. मोडकं टोक सुटून त्यांच्या कोपराखाली मांस फाडत गेलं आणि पलीकडच्या तेलाच्या डब्याला भोक पाडून आत पडलं. डब्यातून तेल गळायला लागलं. मिस्त्री आधी मशीन बंद करायला गेले, मग खाली बसले. दवाखान्यात अकरा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पिठासारखा. गिऱ्हाइकं होती, हमाल होते, बसलिंग होता. मशीन बंद होतं. माझी ती रात्र कशी गेली होती ते मला माहीत, पण ती काही सबब होत नाही. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले,

"तुझ्या हातात आता काही राहिलं नाही, मिस्त्री. बारा दिवसांत तुला कपलिंग कळलं नाही. नारळ घे आणि घरी बस."

ते गिरणीत आल्यापासूनच्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना अरे-तुरे केलं होतं.

त्यांनी एका हातानं पाने पुसले, लहानापासून मोठ्यापर्यंत पोत्यावर ओळीनं मांडले, हातोडी शेवटी ठेवली. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि गेले. तुळशीराम त्यांच्या मागं दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

लातूरचा नवीन मिस्त्री म्हणाला, दिवाळीनंतर येतो. बसलिंग तोंड लहान करून आला. गिरणीत आम्ही तिघं मायलेक-सून, दाराशी रिकामे बसलेले हमाल आणि थंड पडलेलं लोखंड. महानंदा किटली खाली ठेवून मोटारीजवळ गेली होती. कधी गेली ते मी पाहिलं नाही. मी वळून बघते तर ती उकिडवी बसून हॅक्सॉचं मोडकं पातं मोटारीच्या पायाखाली घालायच्या खटपटीत होती. रंग कडकन् फुटला आणि पातं आत गेलं. सबंध.

"इथं पत्रे नाहीत," ती म्हणाली.

बसलिंगनं विचारलं, कसले पत्रे. तिनं सांगितलं ते असं. चारही पाय एका पातळीत कधीच बसत नाहीत. जो पाय अधांतरी राहतो त्याच्याखाली मापानं पत्रा घालतात, तेव्हा मोटार सरळ उभी राहते. पत्रा नसताना बोल्ट आवळला की मोटार पिळली जाते आणि तिचा दांडा समोरच्या दांड्याकडं सरळ बघत नाही. मग कितीही चांगलं रबर घाला, ते जाणारच. तिचे वडील म्हणायचे, रबर खाल्लं की रबराला शिव्या देऊ नये, मोटारीचे पाय बघावेत.

तिनं तेलाचा रिकामा डबा मागितला. कात्रीनं पत्रे कापले. एका पायाखाली दोन, एकाखाली एक, पुन्हा काढून एक. बोल्ट आवळायची, पट्टी लावायची, सैल करायची. अर्धा दिवस गेला. गिअरबॉक्सखालची पाचर काढायला लावली. मग सहा नवे बुश घातले आणि हिरवं बटण दाबलं. आवाज इतका हलका आला की तिघे हमाल एकमेकांकडं बघत राहिले.

"म्हाताऱ्यानं परवा गिअरबॉक्स खोलताना मोटारही सैल केली असणार," बसलिंग म्हणाला. "पत्रे परत घालायला विसरला. डोळे गेलेत त्याचे."

"रबर तर त्याच्या आधीपासून जायलंय," महानंदा म्हणाली.

"मग बसवतानाच विसरला असंल."

"नऊ वर्षं चाललं की."

बसलिंगला उत्तराची गरज नव्हती. मशीन चालू झालं होतं आणि दोष देण्यासाठी एक नाव मिळालं होतं. तुळशीराम पोतं उचलता उचलता थांबला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, आक्का, मला दोन दिवस सुट्टी पाहिजे. मी म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर कसली सुट्टी? तो पोतं घेऊन गेला. त्या दिवसापासून त्यानं गिरणीचा चहा सोडला.

सगळे पांगल्यावर महानंदा हात पुसत माझ्याजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, रंग मोटारीच्या पायाच्या खालूनही आहे."

एवढंच. म्हणजे रंग देताना मोटार वर होती, आणि रंग कोणी दिला ते सगळ्या गावाला माहीत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. रागानं नव्हे, तिला खरंच कळायचं होतं की मी आता काय करते. मी तिला म्हणाले, किटली घरी ने, इथं धूळ बसते.

त्यानंतरचे दोन दिवस गिरणी कधी चालली नव्हती इतकी चांगली चालली. रांग पुढं सरकत होती, डबे भरत होते, भुकटीचा कण नव्हता. आणि मला तिथं उभं राहवत नव्हतं. बिघडलेलं असताना मी निदान बिघाडाकडं बघू शकत होते. आता बघायलाही काही उरलं नव्हतं. बसलिंग प्रत्येक गिऱ्हाइकाला मिस्त्री कसा पत्रे विसरला ते रंगवून सांगायचा, आणि सांगताना दर वेळी एक पत्रा वाढायचा. कुणीतरी सांगितलं की पांचाळ मिस्त्री लातूरला दोन गिरण्यांत कामाला विचारायला गेले होते. दोन्हीकडं त्यांच्या आधी बसलिंगची गोष्ट पोचली होती. एका मालकानं म्हणे त्यांना विचारलं, चष्म्याचा नंबर कितीचा आहे?

सोळाव्या दिवशी दुपारी मी हिशेबाची वही तशीच उघडी टाकली, पायात चपला सरकवल्या आणि सुतारगल्लीत गेले. बावीस वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते.

मिस्त्री ओसरीवर बसले होते. गळ्यात हात, समोर मोडका पंखा, एका हातानं त्याचे स्क्रू काढत होते. मला बघून उठायला लागले. त्यांची बायको शेवंताबाई आतून आली. ठेंगणी, काळीसावळी बाई, कमरेला हात. तिनं मला या म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "मोटार मी उचलली होती. नवमीला. पत्रे मी खरवडून टाकले."

मिस्त्र्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"पट्टी खोटं बोलत नव्हती. मोटार हलली होती हे मला दिसत होतं, आक्का. पण तुम्ही नाही म्हणाला, तर मी पट्टीला खोटं ठरवलं. दोन रात्री विचार केला की माझा डोळाच गेला."

मला वाटलं होतं ते रागावतील. मग मीही काहीतरी बोलले असते आणि ते सोपं गेलं असतं. मी म्हणाले, झालं गेलं विसरा, उद्यापासून या, पगार वाढवून देते. तेव्हा शेवंताबाई बोलली.

"बाई, नारळ घे म्हणालात तेव्हा गिरणीत किती माणसं होती?"

"असतील पंधरा-वीस."

"आणि इथं किती आहेत?"

मी ओसरीवर नजर फिरवली.

"आम्ही दोघं आहोत. आम्हाला आधीच माहीत होतं यांचा दोष नाही. तुम्ही ते आम्हालाच सांगायला आलात. आमच्या घरात येऊन आम्हालाच सांगितलं तर कुणाला कळलं?" ती दारातून बाजूला झाली, माझ्यासाठी नाही, उजेडासाठी. "जिथं म्हणालात तिथं म्हणा. मग यायचं का नाही ते बघू."

कान तापले माझे. कुणी बाई माझ्याशी असं बोलली नव्हती, सासूसुद्धा नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत तिला ऐकवायची चार उत्तरं सुचली, चारही चांगली होती. पण मागं वळून ती देता येण्याजोगी नव्हती, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. घरी आले ती चिडचिड करत. भाजी खारट म्हणून ताट सरकवलं, बसलिंगला म्हणाले तुझी चप्पल दारात का, महानंदाला काही म्हणाले नाही. ती मात्र माझ्याकडं बघत होती.

सतराव्या दिवशी, वसुबारसेच्या सकाळी, रांग मोठी होती. बायका जास्त. चकली, शेव, करंजी, सगळ्यांना एकदमच तेल हवं होतं. डब्यांचा, बरण्यांचा खडखडाट, मशीनचा घरघराट. बसलिंग एका पाव्हण्याला पुन्हा तीच गोष्ट सांगत होता. मी तुळशीरामला म्हणाले, मशीन बंद कर.

"आक्का, डबा भरतोय."

"बंद कर."

मशीन थांबलं की गिरणी एकदम मोठी वाटते. रांगेतल्या माना वळल्या. बसलिंगनं विचारलं, पुन्हा रबर गेलं का? मी पोत्यांच्या थप्पीजवळ उभी राहिले.

"दिगंबर मिस्त्र्यांची चूक नव्हती," मी म्हणाले. "नवमीला मोटार मी उचलली. खालचे पत्रे मी फेकले. त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी खोटं बोलले. त्यांचा हात फाटला तो माझ्यामुळं. बसलिंग जे सांगत होता ते खरं नाही."

"आई," बसलिंग म्हणाला. त्याचा चेहरा मोटारीच्या रंगाचा झाला होता. "गिऱ्हाइकांपुढं कशाला हे?"

"गिऱ्हाइकांपुढंच काढलं होतं त्यांना."

मला वाटलं, आता छत खाली येईल. चौदा वर्षं मी जपलेली ती आक्का या चार वाक्यांत संपली असं वाटलं. मी वाट बघत राहिले. रांगेच्या मध्यावर शिंपीगल्लीतली गोदू होती. तिनं डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"बरं आक्का," ती म्हणाली, "मग आता चालू करता का? माझं चकलीचं पीठ भिजवून ठेवलंय."

दोन-चार बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, माझ्या सासूनं तर टाकाऊ समजून सगळा पिठाचा डबाच ओतून टाकला होता मागच्या दिवाळीत. आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या, जणू मी बाजारभाव सांगितला होता. सतरा दिवस ज्या गोष्टीनं माझी झोप, जेवण, जीभ खाल्ली, तिला लोकांनी डबा या काखेतून त्या काखेत घेण्याइतका वेळ दिला. तुळशीराम तेवढा एका पोत्यावर टेकला आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिला. महानंदानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली नाही, हसली नाही. पुढं होऊन हिरवं बटण दाबलं.

मी काट्यावर उभी राहून डबे भरायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. पाच-सहा डबे झाले. सातवी बरणी पुढं आली ती चिनी मातीची, झाकणाला फडकं बांधलेलं. वर बघितलं तर शेवंताबाई. रांगेतच, पुढच्या बायकांच्या आडोशाला ती पहिल्यापासून उभी होती. मी तिला पाहिलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला दिसू दिलं नव्हतं.

"दोन किलो," ती म्हणाली.

मी भरलं. काटा वर गेला तरी अजून पळीभर घातलं. तिनं ते बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही. फडकं पुन्हा बांधलं, गाठ ओढून पाहिली.

"डॉक्टरांनी पंधरा दिवस हात हलवायचा नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तोवर ते नुसतं बसून सांगतील, तुमची सून करील. चालंल का?"

"चालंल."

"पायात गोळे येतात त्यांच्या. उभं राहवत नाही फार वेळ. खुर्ची लागंल."

गिरणीत खुर्ची एकच होती. मालक गेल्यापासून तिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"ठेवते," मी म्हणाले, आणि मागच्या बाईचा डबा घ्यायला हात पुढं केला.